चौदाशे ग्रॅमचं बाळ: लेबर रूमपासून घरापर्यंत

गर्भारपणाचा एकतिसावा आठवडा, वजन १४०० ग्रॅम. नवजात कक्षात अशी बाळं नेहमी येतात. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, दीड किलोच्या आतलं खूप कमी वजनाचं आणि किलोच्या आतलं अतिशय कमी वजनाचं, अशी विभागणी आहे. आम्ही परिचारिका या मधल्या गटाची धास्ती जास्त घेतो. आठशे ग्रॅमच्या, व्हेंटिलेटरवरच्या बाळाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. चौदाशे ग्रॅमचं बाळ रडतं, हातपाय हलवतं, पाहणाऱ्याला ठीक वाटतं, आणि पंख्याचा झोत, चुकलेली रात्रीची दुधाची वेळ, न धुतलेला हात यांनी दोन दिवसांत खाली जातं. त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. थंडी वाजली की ऊब राखायला त्याला साखर आणि ऑक्सिजन खर्चावे लागतात आणि हा खर्च वजनातून जातो. म्हणून पुढचं सगळं काम आम्ही एकाच नजरेने बघतो: बाळाचा खर्च कुठे होतोय आणि तो कसा थांबेल.

काम जन्माआधी सुरू होतं. २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती होणार असं दिसलं की आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण ४ वेळा देतात. बाळाची फुप्फुसं त्यामुळे लवकर तयार होतात, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. चारही डोस पूर्ण झाले तर उत्तम, पण एक मिळाला तरी उपयोग असतो. वाळपई, पेडणे, काणकोण किंवा सीमेपलीकडून दोडामार्ग, सावंतवाडीहून बाईला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पाठवायचं असेल तर पहिलं इंजेक्शन गाडीत बसवण्याआधी द्यावं. ‘तिकडे गेल्यावर देतील’ म्हटलं की कागदपत्रं आणि तपासण्यांत दोन-तीन तास सहज जातात. पाठवायचं तेही बाळ पोटात असतानाच. जन्मल्यावर हलवलेलं बाळ हमखास थंड होऊन पोचतं. मात्र प्रसूती अगदी जवळ आली असेल तर १०८ च्या गाडीत, वळणावळणाच्या रस्त्यात बाळंत होण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात झालेलं बरं.

लेबर रूमचं तापमान निदान २५ अंश हवं. गोव्यात बाहेर उकाडा असतो म्हणून आत एसी बावीसवर लावलेला असतो आणि ओलं बाळ त्यात येतं. प्रसूतीला वेळ आहे तेव्हाच एसी बंद करायचा, वॉर्मर (वरून ऊब देणारा हीटर) चालू करायचा, टॉवेल त्याखाली तापत ठेवायचे. बाळ आल्यावर रडत असेल, श्वास घेत असेल, तर नाळ लगेच कापायची नाही, मिनिटभर थांबायचं. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे येतं आणि पुढे रक्त चढवण्याची गरज कमी पडते. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला पुसत बसायचं नाही. ओलं असतानाच मानेपर्यंत स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत सरकवायचं, डोकं बाहेर ठेवून तेवढंच कोरडं करायचं आणि टोपी घालायची. त्वचेवरचं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं, ते पिशवीने अडतं. नातेवाइकांना हे दृश्य विचित्र वाटतं. मुलाला पिशवीत घातलंय असं कोणी म्हणालं तर दोन वाक्यांत समजावून सांगावं, पिशवी काढू मात्र नये. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर हाताशी नसेल तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावावी. पोट गरम आणि पाय गार असतील तर थंडीचा ताण सुरू झाला आहे. दोन्ही गार म्हणजे धोका.

वॉर्मरमध्ये बाळाच्या पोटावर एक छोटा प्रोब चिकटवतात आणि त्या आकड्यावर हीटर कमीजास्त होतो. सगळ्यात जास्त गडबड याच प्रोबमुळे होते. तो सुटला तर यंत्राला बाळ थंड वाटतं, हीटर तापतच राहतो आणि बाळ अक्षरशः भाजून निघतं. बाळ त्याच्यावर पालथं झालं तर उलट होतं, आकडा चढलेला दिसतो आणि हीटर बंद पडतो. त्यामुळे यंत्रावर ३६.५ दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही. काखेत वेगळं मोजायचं.

श्वासाबद्दल थोडक्यात. या वयात फुप्फुसातल्या पिशव्या मिटू नयेत म्हणून नाकातून ५-६ सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात, तोच सीपॅप. नळी नाकाच्या मधल्या पडद्याला टेकता कामा नये, मध्ये दोनेक मिलिमीटर जागा दिसली पाहिजे. टेकली तर तिथली त्वचा काळी पडते आणि पडदा झिजतो. सीपॅपच्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले तर आधी नाकापाशी गळती आहे का, बाळाचं तोंड उघडं आहे का, ते बघतात. श्वास घ्यायचं ‘विसरणं’ या वयात अपेक्षितच असतं. वीस सेकंदांच्या वर श्वास थांबला तर तळव्याला किंवा पाठीला चोळून जागं करतात, आणि असं होऊ नये म्हणून कॅफीन देतात: पहिला डोस किलोला २० मिलिग्रॅम, मग रोज किलोला ५ ते १०. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवतात. मॉनिटरवर १०० दिसलं की नातेवाइकांना बरं वाटतं, आमच्या पोटात गोळा येतो. बाहेरून ऑक्सिजन चालू असताना १०० म्हणजे डोळ्यांच्या पडद्याला घातक इतका जास्त ऑक्सिजन जातोय.

आता दूध. पहिल्या दिवशी एकूण द्रव किलोला ८० मिलिलिटर, म्हणजे १४०० ग्रॅमला ११२. त्यातलं किलोला ३० या हिशेबाने ४२ मिलिलिटर आईचं दूध, दर दोन तासांनी ३.५ मिलिलिटर. उरलेलं ७० मिलिलिटर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) म्हणून शिरेतून, तासाला साधारण २.९. बाळाचं पोट फुगलं नाही, हिरवी उलटी झाली नाही, तर दूध रोज किलोला २०-३० मिलिलिटरने वाढवतात आणि सलाइन तेवढंच कमी करतात. साधारण आठवड्याने दूध किलोला १५० वर पोचतं, म्हणजे दर दोन तासांनी १७.५ मिलिलिटर, आणि सुई काढून टाकता येते. सुई जितकी लवकर निघेल तितका जंतुसंसर्ग कमी, म्हणून ही घाई चांगली. साखर टाचेतून बघतात, ४५ च्या खाली आली तर लगेच उपचार करतात.

हे साडेतीन मिलिलिटर येतात कुठून, हा खरा प्रश्न. प्रसूती मुदतीआधीची, बहुधा सिझेरियन. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या. ‘मला दूधच येत नाही, सिस्टर’ हे पहिल्या तीन दिवसांत जवळजवळ प्रत्येक आई म्हणते. येत नाही असं नसतं. चिकाचे थेंब येतात आणि वाटीत ते दिसतसुद्धा नाहीत, म्हणून सुरुवातीला चीक वाटीत न काढता थेट १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढून घेतात. त्यातले दोन-दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात. पहिलं दूध जन्मानंतर तासाभरात काढायचा प्रयत्न करायचा, नंतर दिवसातून निदान आठ वेळा. पद्धत अशी: हात धुवायचे, अंगठा वर आणि बोटं खाली, इंग्रजी सी सारखी, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोंड ओढायचं नाही, त्याने दुखतं आणि दूध येत नाही. मग बोटं फिरवून दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडे मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वाटी स्टीलची, दहा मिनिटं उकळलेली.

सगळं बिघडतं ते रात्री. दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. घरच्यांना वाटतं, सिझेरियन झालंय, झोपू दे तिला. अकरा ते सहा एकदाही दूध काढलं नाही तर स्तन तटतात, आणि असंच चाललं तर दुसऱ्या आठवड्यात दूध ओसरतं. झोपू द्यायचंच असेल तर दुपारी झोपू द्या, सासूबाईंनी पाहुणे परतवावेत. रात्री दोनचा गजर मात्र नवऱ्याने लावावा आणि वाटी त्यानेच धुवावी. पेज, हळीव, मेथी हवं ते खावं. पण हळिवाची खीर कितीही खाल्ली तरी रिकामं न झालेलं स्तन दूध बनवायचं थांबवतं. आईला आधी घरी सोडलं आणि ती दोडामार्गाहून ये-जा करत असेल, तर काढलेलं दूध उकळलेल्या झाकणाच्या डबीत, नाव आणि वेळ लिहून, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासच्या खोक्यात आणावं. आपल्याकडच्या हवेत बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, फ्रिजमध्ये २४ तास, तेही दारात न ठेवता आतल्या बाजूला.

आईचं दूध खरंच मिळत नसेल तर दुसरी पसंती दात्या मातेच्या पाश्चराइझ केलेल्या दुधाला. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तेव्हापासून हा मार्ग आपल्याकडे माहीत आहे. पावडरचं दूध शेवटचं, कारण आतडी कुजण्याचा जो आजार या बाळांना गाठतो तो त्याने वाढतो.

एकतिसाव्या आठवड्याला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून दूध नळीने. नळी मोजायची नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचं हाड संपतं ते ठिकाण आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत, तिथे खूण करून चिकटवायची. दर वेळी ती खूण ओठांपाशीच आहे ना, ते बघितल्याशिवाय दूध घालायचं नाही. सिरिंजचा दांडा काढून नळकांडं बाळापेक्षा थोडं वर धरायचं आणि दूध आपसूक उतरू द्यायचं, दहा-वीस मिनिटं. घाईच्या पाळीत दांडा घालून ढकलण्याचा मोह होतो. तसं केलं की पोट ताणतं, दूध वर येतं आणि बाळ श्वास थांबवतं. ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बोंडलं किंवा वाटी-चमचा, आणि ३४ च्या पुढे अंगावर. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्यात टेकवून थेंब थेंब सोडायचं, घशात ओतायचं नाही. मधल्या काळात आईच्या रिकाम्या स्तनाला लावून नुसतं चोखू द्यावं. बाटली मात्र नको. ती उकळणं घरी नीट होत नाही आणि बाळ आईला पकडायला शिकत नाही.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. पुढे अनेक वर्षं ती ‘बाळ स्थिर झाल्यावर करायची गोष्ट’ मानली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने ते चित्र बदललं. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या आतल्या ३२११ बाळांवर तो झाला, भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग. जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात १५.७ टक्के. पाहताना फरक छोटा वाटेल, पण तो मृत्यूंत चौथ्या हिश्श्याची घट आहे. तीही अशा अभ्यासात, जिथे दोन्ही गटांतल्या बाळांना चांगले वॉर्ड मिळाले होते. २०२२ पासून संघटनेची शिफारस आहे की कांगारू जन्मानंतर लगेच सुरू करावं आणि दिवसाला ८ ते २४ तास द्यावं. सीपॅपवरच्या बाळालाही देता येतं, नळ्या धरायला एक परिचारिका लागते एवढंच.

बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. दोन स्तनांच्या मध्ये उभं, डोकं एका बाजूला वळलेलं आणि किंचित वर, हनुवटी छातीला टेकलेली नको. हनुवटी टेकली की श्वासनळी दुमडते, आणि आई झोपलेली असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून सुती पट्टा, जुन्या नऊवारीचा पट्टा उत्तम चालतो, त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी आणि घट्ट भाग छातीवर, पोटावर नको. आईने सपाट न झोपता तीस-चाळीस अंशांवर टेकून राहावं. एकदा घेतलं की तासभर तरी काढायचं नाही, काढणं-ठेवणं हाच बाळाला त्रास. एप्रिल-मे महिन्यात बायका म्हणतात, घामाने बाळ भिजतं. बरोबर आहे. मध्ये पातळ सुती रुमाल ठेवून भिजला की बदला, पंखा मंद आणि झोत भिंतीकडे. वडिलांनी, आजीने, मावशीनेही घ्यावं. केसाळ छातीने काही बिघडत नाही. बापांना वाटतं की बाळ मोडेल, पहिल्या अर्ध्या तासात ते आखडून बसतात, मग त्यांच्याकडून परत घेणं कठीण जातं.

हात धुणं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पूर्ण करत नाही. अंगठ्या काढा, घड्याळ काढा, बांगड्या कोपराकडे सरकवा, साबणाने चाळीस सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरू नका, मग हवेत वाळू द्या. पदराला पुसले की केलेलं सगळं फुकट. मोबाइल बाहेर. संसर्गाची लक्षणं या बाळांत मोठ्यांसारखी नसतात. ताप येण्याऐवजी अंग गार पडतं, दूध पचेनासं होतं, हालचाल मंदावते, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो. ‘आज तो वेगळाच दिसतोय’ असं आई म्हणाली तर आम्ही ते नोंदवहीत लिहितो, कारण बरेचदा ते रक्ताच्या रिपोर्टच्या आधी कळलेलं असतं. निमोनिया आणि जंतुसंसर्ग अशा साध्या लक्षणांवरून खेड्यातल्या बाईलाही ओळखता येतो, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत केव्हाच दाखवून दिलंय.

वजन रोज एकाच वेळी, दुधाच्या आधी, उघड्या बाळाचं, त्याच काट्यावर. सलाइनची फळी आज हाताला आहे आणि उद्या नाही, तर काटा खोटं सांगतो. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्के उतरतं, १४०० चं १२६० होतं. पालकांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर घाबरून ते पावडर मागतात. दहा-चौदा दिवसांत ते परत १४०० वर येतं, मग किलोला १५ ग्रॅम, म्हणजे रोज वीसेक ग्रॅम वाढ धरतात. वाढ अडली तर आधी थर्मामीटर, मग दूध मोजून खरंच किती जातंय, मग तपासण्या. दुधात मिसळायची पोषक पावडर पाकिटावरच्या मापातच. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं की दूध दाट होतं आणि आतड्याला सोसत नाही.

काविळीसाठी सकाळचं कोवळं ऊन पुरत नाही, उलट बाळ गार पडतं. निळा दिवाच लागतो.

घरी सोडायचं वजन ठिकाणागणिक बदलतं, साधारण १६०० ते १८०० ग्रॅम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाळ तीन दिवस सलग वाढतंय, उघड्या पाळण्यात ऊब धरतंय, सगळं दूध तोंडाने घेतंय, आणि कॅफीन बंद करून पाच-सात दिवस श्वास थांबलेला नाही. याच सुमाराला जन्मापासून तिसावा दिवस येतो आणि त्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. २००० ग्रॅमच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाची. ही एक तारीख आम्ही फाइलवर लाल शाईने लिहितो. चवथ आली, घरी गणपती आहे, पुढच्या आठवड्यात येतो, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. पडद्यावरच्या वाढत्या रक्तवाहिन्या चवथ संपेपर्यंत थांबत नाहीत. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने दृष्टी वाचते, पडदा सुटल्यावर फार थोडं करता येतं. कानांची तपासणीही त्याच फेरीत उरकावी.

पावसाळ्यात गोव्यातल्या घरी दोन अडचणी हमखास येतात. लंगोट वाळत नाहीत, त्यामुळे बुरशीचं लाल पुरळ उठतं. दर घडीला इस्त्री फिरवा, कडा आणि शिवणीसकट. आणि ओल्या भिंतीलगत पाळणा नको. धुरी, शेगडी यांचा धूर या फुप्फुसांना झेपत नाही. घरात गर्दी झाली तर बाळ आईच्या पट्ट्यातच राहू द्यावं, म्हणजे ते हातोहात फिरत नाही. मध, गुटी, काजळ, नाका-कानात तेल, काही नको. खोबरेल हलक्या हाताने अंगाला लावायला हरकत नाही. अंघोळ दोन-अडीच किलो होईपर्यंत नकोच, कोमट पाण्याने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करावा. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं, लघवी दिवसाला सहा वेळा तरी झाली पाहिजे, वजन आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं पाहिजे. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. बाजारात मिलिलिटरला ४०० आणि ८०० अशा दोन्ही बाटल्या मिळतात, तेव्हा नवीन बाटली आणली की लेबल वाचून ड्रॉपरची खूण बदला. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हापासून, साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वयात किलोला २ मिलिग्रॅम. वजन वाढलं की डोस वाढतो, जुनीच मात्रा तीन महिने देत राहणं ही नेहमी दिसणारी गोष्ट.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, वजन कमी आहे म्हणून दीड महिन्याची लस पुढे ढकलू नये. मान धरणं, हसणं, बसणं हे मात्र मुदतीच्या तारखेपासून मोजायचं. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ चार महिन्यांचं झालं तर विकासाच्या दृष्टीने ते दोन महिन्यांचं. शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्यांना हे वजाबाकीचं गणित सांगून ठेवा, आणि पुढच्या भेटीला येताना फाइलमध्ये मुदतीची तारीख पहिल्या पानावर लिहून आणा.